गारुड, नजरबंदी आणि हातचलाखी

मराठी ग्रंथपरीक्षणांतून आणि नाट्यपरीक्षणांतून 'गारुड' हा शब्द ज्या सढळपणे वापरला जातो, तो पाहता त्याची एकदा झडती घेणे आवश्यक झाले आहे. कादंबरी वाचकावर गारुड करते, नट प्रेक्षागृहावर गारुड घालतो, कवीच्या प्रतिमांचे गारुड मनावरून उतरत नाही. या वाक्यांत स्तुती आहे, विधान नाही. गारुडी हा मूळचा सापाचे विष उतरविणारा मांत्रिक. गरुडाच्या नावाने चालणारी त्याची विद्या ही विषहरणाची विद्या होती. पुढे तो पुंगी आणि टोपल्या घेऊन रस्त्यावर खेळ करू लागला, आणि समीक्षेच्या दारात येईपर्यंत विष उतरविण्याचे त्याचे काम सुटून विष चढविण्याचे काम त्याच्या गळ्यात पडले. शब्दांचे अर्थ बदलतात, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. तक्रार आहे ती या शब्दाच्या आडोशाने वावरणाऱ्या एका सिद्धांताबद्दल. तो कोणी रीतसर मांडलेला नाही आणि म्हणूनच कोणी रीतसर तपासलेलाही नाही.

कलाकृती भ्रम निर्माण करते, कलावंत हा त्या भ्रमाचा जादूगार असतो आणि रसिक त्या भ्रमाला राजीखुशीने बळी पडतो, असा हा सिद्धांत आहे. त्याच्या पाठीशी उसनी पण भारदस्त मंडळी उभी केली जातात. कोलरिजचे एक वाक्य, शांकर वेदान्तातील माया आणि, नाटकाचा विषय असेल तर, ब्रेख्त. या तिघांनाही एकाच दावणीला बांधणे हे मराठी समीक्षेलाच जमू शकते. मौज अशी की हा सिद्धांत प्रत्यक्ष जादूगाराच्या खेळालादेखील लागू पडत नाही. जेथून रूपक आणले त्या घरीच ते खोटे ठरत असेल, तर साहित्याच्या घरी ते कसे नांदणार?

जादूच्या प्रयोगाला बसलेला प्रेक्षक अविश्वास स्थगित करीत नाही. तो अविश्वास तिकिटाबरोबर आत घेऊन येतो आणि शेवटपर्यंत हातात घट्ट धरून ठेवतो. परीकथेत रुमालाचे कबूतर झाले तर कोणी चकित होत नाही, कारण त्या जगात रुमालांची कबुतरे होतच असतात. रंगमंचावर तेच घडले की टाळी पडते, कारण असे होत नाही हे प्रेक्षकाला पक्के ठाऊक असते आणि तरीही ते त्याच्या डोळ्यांसमोर झालेले असते. हे ज्ञान आणि हे दर्शन यांची टक्कर हाच त्या कलेचा प्राण आहे. प्रेक्षकाने क्षणभर जरी 'हा माणूस खरोखरच असे करू शकतो' असे मानले, तर टक्कर संपली आणि तिच्याबरोबर कलाही संपली. उरतो तो चमत्कार. आणि चमत्काराला प्रेक्षक नसतात, भक्त असतात.

कोलरिजने १८१७ मध्ये 'बायोग्राफिया लिटरारिया'त जी अविश्वासाची स्वेच्छा-स्थगिती सांगितली, ती या टकरीच्या नेमकी उलट गोष्ट आहे. ती त्याने स्वतःच्या अद्भुतविषयक कवितांच्या संदर्भात, काव्यगत श्रद्धेची व्याख्या करताना सांगितली होती. तीत 'हे खरे आहे काय' हा प्रश्न बाजूला ठेवला जातो. जादूत तोच प्रश्न धार लावून पुढे केला जातो. कथनात्म साहित्य आणि जादू यांचा संबंध साधर्म्याचा नसून विरोधाचा आहे, ही साधी गोष्ट कोलरिजचे वाक्य येता-जाता उद्धृत करणाऱ्यांच्या लक्षात येऊ नये, याचे आश्चर्य वाटते. त्याच्याआधी अर्धशतक, १७६५ मध्ये, डॉ. जॉन्सनने शेक्सपिअरच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत प्रेक्षक पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत शुद्धीवर असतो, असे ठणकावून सांगितले होते. जॉन्सनचे ते रोखठोक प्रतिपादन मराठीत फारसे रुजले नाही. त्यात गूढरम्यता कमी पडली असावी.

जादूगार आणि प्रेक्षक यांच्यातील व्यवहाराला भ्रम म्हणण्यापेक्षा करार म्हणणे अधिक योग्य. 'फसविणार आहे, ओळखता आले तर ओळखा' हे जादूगाराचे पहिले कलम. जे कापले ते जोडून दाखवीन, जे नाहीसे केले ते परत आणीन, हे शेवटचे. यांपैकी शेवटचे कलम निसटले की काय होते, हे ९ एप्रिल १९५६ रोजी दिसले. पी. सी. सरकार यांनी बी.बी.सी.च्या 'पॅनोरामा' या कार्यक्रमात एका तरुणीला टेबलावर आडवी करून यांत्रिक करवतीने कापले. ती उठण्यापूर्वीच निवेदकाने पुढे येऊन कार्यक्रम संपल्याचे सांगितले. बी.बी.सी.कडे दूरध्वनींची रीघ लागली. मुलीचे काय झाले, हे लोकांना हवे होते. वेळ संपल्याचे कारण देण्यात आले. तो योगायोग होता की सरकारांची योजना, हा प्रश्न येथे गौण आहे. महत्त्वाचे हे की प्रेक्षक घाबरले ते भ्रमाच्या उत्कटतेमुळे नव्हे, करार अपुरा राहिल्यामुळे. भ्रम पूर्ण झाला असता तर कोणाला भीती वाटली नसती.

मराठीला या व्यवहाराचे दोन शब्द माहीत आहेत आणि त्या दोन शब्दांत दोन स्वतंत्र मीमांसा दडलेल्या आहेत. एक नजरबंदी, दुसरा हातचलाखी. नजरबंदीच्या मते बाहेर काही घडलेलेच नसते. जे काही केले ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांना केले. हातचलाखीच्या मते बाहेर निश्चित काहीतरी घडले, पण ते पाहणारा जेथे पाहत नव्हता तेथे घडले. चौदाव्या शतकात इब्न बतूताने चीनमध्ये हांगचौ येथे एक खेळ पाहिला. एक मुलगा हवेत गेलेल्या वादीवरून वर चढून दिसेनासा झाला, त्याचे अवयव तुटून खाली पडले आणि मग तो सगळा सांधला जाऊन उभा राहिला. इब्न बतूताची छाती धडधडू लागली. शेजारी बसलेल्या काझीने त्याला सांगितले की कोणी चढले नाही, कोणी उतरले नाही, काही कापले गेले नाही. हा नजरबंदीचा सिद्धांत झाला. धडधडणाऱ्या छातीला दिलासा देण्यास तो उत्तम आहे. पण त्याने काझीला एका कामातून मोकळे केले. जादूगाराचा हात पाहण्याची आता गरज उरली नाही.

'गारुड' हा शब्द मराठी समीक्षकाला नेमके हेच अभयदान देतो. कादंबरीने गारुड केले, एवढे म्हटले की निवेदकाने कोणती माहिती कोठे राखून ठेवली, काळाची घडी कोठे घातली, वाक्याचा कर्ता कोठे गाळला, वाचकाची नजर उजव्या हाताकडे असताना डावा हात काय करीत होता, यांपैकी काहीही पाहण्याचे कारण राहत नाही. सगळा व्यवहार वाचकाच्या मनात ढकलून दिला की संहितेकडे पाठ फिरविता येते. गारुड हा आस्वादाचा शब्द आहे, असा त्याचा बचाव केला जातो. हातचलाखी पाहणारा आस्वाद घेत नाही, हे कोणी सांगितले? जादूगारांचे सर्वांत चोखंदळ प्रेक्षक इतर जादूगारच असतात.

संस्कृत नाट्यविचाराला हा घोटाळा माहीत होता आणि त्याने तो निस्तरलाही होता. शंकुकाच्या मते नटाला पाहताना प्रेक्षकाला होणारी प्रतीती 'हा रामच आहे' अशी यथार्थ नसते, 'हा राम नव्हे' अशी बाधित नसते, 'हा राम असेल वा नसेल' अशी संशयात्मक नसते आणि 'हा रामासारखा आहे' अशी सादृश्यात्मकही नसते. चित्रातल्या घोड्याला घोडा म्हणताना असते तशी ती निराळीच असते. अभिनवगुप्ताने शंकुकाचा अनुमितिवाद खोडून काढला, हे खरे. पण नाट्यप्रतीती ही भ्रम नव्हे, या मुद्द्यावर तो मागे हटत नाही, उलट पुढे जातो. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायावरील टीकेत नाट्य कशाकशाहून वेगळे आहे हे सांगताना अनुकरण, प्रतिबिंब, चित्र, सादृश्य, आरोप यांच्या पंक्तीत तो स्वप्न, माया आणि इंद्रजाल यांचीही नावे घेतो. आपली परंपरा कलेला माया मानते, असे उत्साहाने सांगणाऱ्यांनी ही यादी एकदा डोळ्यांखालून घालावी. परंपरेचा सर्वांत मोठा नाट्यमीमांसक नाट्य इंद्रजाल नाही, असे नाव घेऊन सांगतो.

आणि हे केवळ मीमांसकाचे मत नाही. नाटककारालाही ते कळले होते. हर्षाच्या 'रत्नावली'च्या चौथ्या अंकात उज्जयिनीचा एक ऐंद्रजालिक राजा उदयनापुढे येतो. तो आकाशात देव दाखवितो. इतक्यात सिंहलाचा अमात्य आल्याची वर्दी येते आणि खेळ थांबतो. जाता जाता ऐंद्रजालिक सांगून जातो की, माझा आणखी एक खेळ महाराजांनी अवश्य पाहिला पाहिजे. थोड्याच वेळात अंतःपुराला आग लागल्याचा आक्रोश होतो. तेथे सागरिका बेड्यांत जखडलेली आहे. राणी वासवदत्तेनेच तिला तसे ठेवले आहे. राजा आगीत झेप घेतो, तिला बाहेर काढतो, आणि आग नाहीशी होते. राहिलेला खेळ तो हाच. योजना सगळी यौगंधरायणाची. सागरिका म्हणजे सिंहलाची राजकन्या रत्नावली, तिची ओळख पटते आणि राज्याचा लाभ होतो.

या प्रसंगाची रचना फार सूक्ष्म आहे. ऐंद्रजालिकाने करार केला होता. राजा तो विसरला. हर्षाने ते वाक्य राजाच्या कानावर घातले आणि मध्ये राजकारणाची वर्दी आणून ते विसरायला लावले. हीच हातचलाखी. राजा फसला कारण त्याच्या दृष्टीने खेळ संपला होता. पण प्रेक्षागृहातला प्रेक्षक? त्याच्यासमोर आग नव्हतीच. त्याच्यासमोर होता आगीचे वर्णन करणारा श्लोक आणि धुराने घुसमटल्याचा अभिनय. राजाला जे इंद्रजाल, ते प्रेक्षकाला नाट्य. एकाच रंगमंचावर हर्षाने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोहोंमधली रेघ स्वच्छ ओढली. शिवाय इंद्रजाल कोणाच्या सेवेत आहे, हेही त्याने झाकून ठेवले नाही. ते अमात्याच्या सेवेत आहे. कामंदकाच्या नीतिसारात साम, दान, भेद, दंड या चार उपायांना माया, उपेक्षा आणि इंद्रजाल यांची जोड दिलेली आहे, ती उगाच नव्हे.

सुमारे हजार वर्षांनी, १६३० नंतरच्या दशकात, फ्रान्समध्ये कोर्नेयने 'ल'इल्युझ्यों कोमिक' या नाटकात हीच रेघ दुसऱ्या बाजूने ओढली. गुहेतला जादूगार बापाला मुलाचे आयुष्य दाखवितो, अखेर त्याचा खूनही दाखवितो. बाप कोसळतो. मग पडदा सरकतो आणि मेलेला मुलगा आपल्या सोबत्यांबरोबर खेळाची मिळकत वाटून घेताना दिसतो. तो नट झालेला आहे. बापाचा भ्रम सत्याच्या साक्षात्काराने फिटत नाही, पैशांच्या हिशेबाने फिटतो.

आता माया. मायावादाचा आधार घेणारे समीक्षक शांकरभाष्यातला मायावी विसरतात, ही त्यांची गैरसोयीची गोष्ट. ब्रह्मसूत्रभाष्यात ढाल-तलवार घेऊन सूत्रावरून आकाशात चढणाऱ्या मायावीचा दृष्टान्त येतो. पण तो येतो तो, चढताना दिसणाऱ्या त्या आकृतीहून जमिनीवर उभा असलेला खरा मायावी वेगळा आहे, हे सांगण्यासाठी. त्याने पसरलेली माया त्याला स्वतःला स्पर्श करीत नाही, असेही भाष्य अन्यत्र म्हणते. सारे जग मिथ्या म्हणणाऱ्या दर्शनालासुद्धा जमिनीवर पाय रोवून उभा असलेला एक माणूस लागतो. साहित्यातल्या मायावाद्यांना मात्र तो लागत नाही. त्यांच्या लेखी फक्त हवेत चढणारी आकृती आहे. अलीकडे या मंडळींनी बोद्रियारचा 'सिम्युलाक्र'ही पदरी बाळगला आहे, त्यामुळे वास्तव हाच एक आभास आहे, असे म्हणण्यास वेदान्ताबरोबर पॅरिसचीही संमती मिळाली. जमिनीवरचा माणूस दोन्हीकडून बेपत्ता.

ब्रेख्तविषयी थोडक्यात. त्याचा भ्रमभंग हा एका विशिष्ट रंगव्यवस्थेचा भंग होता. अंधारलेले प्रेक्षागृह, नजरेआड बसविलेला वाद्यवृंद, ही १८७६ च्या बायरॉइटसारख्या रंगभूमीची यंत्रणा त्याच्यासमोर होती. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'नंतर तमाशा, दशावतार, खेळे यांना भ्रमभंगाची प्रमाणपत्रे वाटण्याची जी घाई झाली, तीत कोणाचा भ्रम भंगला हे विचारायचे राहून गेले. सोंगाड्या प्रेक्षकाशी बोलतो ते भ्रम मोडण्यासाठी नव्हे. मोडण्यासारखा भ्रम तेथे कधी नव्हताच. आजार नसलेल्याला औषध लागू पडले, असा हा निष्कर्ष.

हा सगळा वाद शब्दांचा असता तर तो सोडून देता आला असता. तसे नाही. १८५६ मध्ये फ्रेंच सरकारने रॉबेर-उदँ या जादूगाराला अल्जीरियात धाडले. तेथील मराबूतांच्या चमत्कारांचा प्रभाव कमी करणे आणि फ्रेंचांची जादू वरचढ आहे हे ठसविणे, असे या मोहिमेचे स्वरूप होते. त्याच्याजवळ विद्युत्-चुंबकावर चालणारी एक पेटी होती. चुंबक सुरू असता ती कोणाला उचलता येत नसे. पॅरिसमध्ये ती कधी हलकी, कधी जड होणारी गमतीची पेटी होती. अल्जीअर्सच्या रंगमंचावर त्याने एका बलदंड अरबाला बोलावून, 'तुझी शक्ती काढून घेतो' असे सांगून तीच पेटी त्याच्यापुढे ठेवली, असे त्याच्याच आठवणींत नमूद आहे. पेटी तीच, चुंबक तोच, हात तोच. बदलले ते वाक्य. पहिल्या वाक्याने खेळ झाला, दुसऱ्याने साम्राज्य. कलावंत जादूगार असतो, असे सांगणाऱ्या समीक्षेपाशी या दोन प्रयोगांत फरक करण्याचे कोणतेही साधन नाही. दोन्हीकडे तिला गारुडच दिसणार.

महाराष्ट्रात हा फरक समीक्षकांनी नव्हे, कार्यकर्त्यांनी जपला. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव जिभेवर कापूर जाळीत, हातातून विभूती काढीत, मंत्राने अग्नी पेटवीत, आणि मग तूप म्हणून ओतलेले ग्लिसरीन व कुंडात दडविलेले पोटॅशियम परमँगनेट दाखवीत. बुवाचे तंत्र आणि कार्यकर्त्याचे तंत्र यांत तसूभर अंतर नव्हते. अंतर होते ते शेवटच्या कबुलीत. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. त्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार करून पैसा मिळविणे आणि त्यांच्या प्रचाराने लोकांना फसविणे व त्यांच्यावर दहशत बसविणे हा गुन्हा ठरविला आहे. म्हणजे हात गुन्हेगार नाही, दावा गुन्हेगार आहे. इतकी नेमकी मांडणी रूक्ष कायद्याला साधावी आणि साहित्यसिद्धांताला साधू नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

करार केला की सारे निष्पाप झाले, असे मात्र नव्हे. टोमास मानच्या १९३० च्या 'मारिओ आणि जादूगार' या दीर्घकथेतला चिपोल्ला हातचलाखीचा कलावंत म्हणूनच जाहिरात करतो. संमोहनाच्या धंदेवाईक प्रयोगांना पोलिसांची बंदी असल्यामुळे हे नाव त्याला सोयीचे पडते. प्रत्यक्षात तो चाबूक आणि मद्य यांच्या संगतीने एकेका प्रेक्षकाची इच्छाशक्ती मोडीत जातो. येथे करार हीच फसवणूक आहे. खेळ म्हणून जे जाहीर केले ते खेळ नाही. लोकांना हे जाणवते, तरी ते उठून जात नाहीत. निवेदकही मुलांना घेऊन बसून राहतो आणि आपण का बसलो याचे धड उत्तर त्याच्यापाशी नाही. मुसोलिनीच्या इटलीत घडणाऱ्या या कथेविषयी 'गारुड करणारी कथा' असे लिहिणे म्हणजे चिपोल्लाच्या प्रयोगाला टाळी देणे होय. मानने वाचकाला जे दिले ते याच्या विरुद्ध आहे. त्याने चिपोल्लाचा प्रत्येक हातोटा संथपणे, जवळजवळ कंटाळवाण्या काटेकोरपणाने मांडून ठेवला, म्हणजे जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहायला लावले.

त्या माणसाकडे पाहण्याची सवय मोडली की तो दिसेनासा होण्यास वेळ लागत नाही. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमाने भिक्षेच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करणे हे भीक मागण्याचे बहाणे म्हणून घातले. दिल्लीला लागू असलेल्या त्याच अधिनियमातील भीक मागणे गुन्हा ठरविणारी कलमे २०१८ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली. त्याच्या आदल्या वर्षी त्याच शहरातली कठपुतली कॉलनी, जेथे जादूगारांची कित्येक कुटुंबे राहत होती, ती पाडली गेली होती. कायद्याच्या भाषेत मदाऱ्याची कला हा बहाणा होता. समीक्षेच्या भाषेत ती भ्रम आहे. दोन्ही भाषांना तो स्वतः काय करतो हे पाहावेसे वाटले नाही. तो हवेतून नाणे काढतो, कानामागून दुसरे काढतो, जमूऱ्याच्या नाकातून तिसरे. डबा वाजू लागतो. मग तो तोच डबा घेऊन कडे करून उभ्या राहिलेल्या माणसांपुढे फिरतो आणि पोटाकडे बोट दाखवितो. हवेतून पैसे काढणारा माणूस पैसे का मागतो, असे कोणी विचारीत नाही. ज्याला द्यायचे असते तो खिशात हात घालतो आणि खरे नाणे टाकतो.